अळ्या नकोत, फुलपाखरं राहू देत

सकाळचे आठ वाजून चार मिनिटं झाली होती आणि तीन नंबरच्या लाइनवरच्या बाई एकाच गृहस्थांची दुसरी तक्रार लिहून घेत होत्या. पहिली अशी, की समोरच्या बिल्डिंगमधला माणूस गच्चीत उभा राहून मोठमोठ्यानं जांभया देतो. दुसरी, रस्त्यावरचा दिवा रात्रभर डोळ्यांवर येतो. याच गृहस्थांनी गेल्या महिन्यात तोच दिवा बंद आहे म्हणून फोनवर आकाशपाताळ एक केलं होतं. बाईंनी दोन्ही तक्रारी टाइप केल्या, वाचून दाखवल्या, नंबर दिला आणि विचारलं, "आणखी काही तक्रार आहे का?" हे वाक्य त्या दिवसातून शंभरएक वेळा म्हणतात. आवाज वर जात नाही, खाली येत नाही.

शहराच्या तक्रार कक्षात सहा टेबलं आहेत, सहा हेडफोन आहेत आणि भिंतीवर हसऱ्या मुलीचं एक पोस्टर आहे. त्या मुलीनं आयुष्यात एकही तक्रार ऐकलेली नसावी. कक्षाला नियमांची पुस्तिका आहे. सल्ला द्यायचा नाही, हा त्यातला दुसरा नियम. तक्रार नागरिकाच्याच शब्दांत लिहायची, हा चौथा. चौथा नियम बाकीचे पाचजण पाळत नाहीत. ते 'घाण', 'आवाज', 'कुत्री' असा एकेक शब्द टाकून मोकळे होतात. बाई अकरा वर्षं सगळं लिहितात, म्हणून कक्षात त्यांना 'हुबेहूब' म्हणतात.

"अहो, थोडक्यात लिहीत जा ना," असं पर्यवेक्षकानं एकदा सुचवून पाहिलं होतं.

"ते थोडक्यात बोलले असते तर लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. विषय तिथंच संपला.

त्या मंगळवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आलेला आवाज बाईंनी पहिल्या 'हॅलो'लाच ओळखला. त्यांच्या घराला लागून राहणारे निवृत्त प्राचार्य. दोघांच्या मागच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. प्राचार्यांनी मात्र बाईंचा आवाज ओळखला नाही. यात नवल नाही. तीन वर्षांच्या शेजारात त्यांनी बाईंना एकही वाक्य पुरं करू दिलेलं नव्हतं.

"शेजारच्या अंगणात अळ्यांचा नुसता सुळसुळाट झालाय," प्राचार्य म्हणाले.

"कसल्या अळ्या?"

"कसल्या म्हणजे काय? अळ्या! हिरव्या, लठ्ठ. लिंबाच्या कुंडीत. काल एक भिंतीवर चढून माझ्याकडे रोखून बघत होती. वर शिंगं काढून दाखवली!"

"रोखून बघत होती, असं लिहू?"

"लिहा. वस्तुस्थितीच आहे ती."

"घर कुणाचं आहे?"

"एक बाई राहतात. नवरा जहाजावर आचारी, तो आठ-आठ महिने नसतो. त्याची थोरली बहीण असते घरात, तिचं ते शिवणयंत्र दिवसभर खडखडत असतं. बाई कुठंतरी कारकून असाव्यात. जरा घुम्याच आहेत. माणसात मिसळत नाहीत."

बाईंनी 'जरा घुम्याच आहेत' लिहिलं. 'माणसात मिसळत नाहीत' लिहिलं. मग पाचवा, सक्तीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न कुठल्याशा सल्लागारानं बनवून दिलेला आहे आणि त्याचं उत्तर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. "काम झाल्यावर आपल्याला काय दिसायला हवं?"

"एकही अळी दिसता कामा नये. फवारा मारा, काही करा. पण फुलपाखरं मात्र आहेत तशी राहिली पाहिजेत. मी रोज त्यांचे फोटो काढतो. चाळीस-पन्नास लोक वाट बघतात."

माहिती सांगणं हा सल्ला होतो की नाही, याबद्दल पुस्तिका काही म्हणत नाही. जे विचारलं नव्हतं ते बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला, प्राचार्य "अगदी बरोबर" म्हणाले आणि बाईंनी नंबर दिला.

"आणखी काही तक्रार आहे का?"

"नाही. धन्यवाद."

बाईंच्या उजव्या हाताशी 'चुकून लागलेला फोन' अशी एक कळ आहे. ती दाबली की तक्रार पुसली जाते. शेजारच्या टेबलावरचा गडी जेवायची वेळ झाली की ती सर्रास दाबतो. बाईंनी ती दाबली नाही.

प्राचार्यांच्या फोटोंबद्दल थोडं सांगायला हवं. गल्लीच्या ग्रुपवर रोज सकाळी पावणेसातला त्यांचं फुलपाखरू येतं. खाली उपदेश असतो: पंख पसरा, आकाश तुमचंच आहे. मग चाळीस-पन्नास माणसं अंथरुणात लोळत हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि कुणीही पंख पसरत नाही. फोटोतली फुलपाखरं बाईंच्या अंगणातली असतात. प्राचार्यांच्या स्वतःच्या अंगणात प्लास्टिकचं गवत आहे. ते दर रविवारी साबणानं धुतात.

बाईंचं अंगण अकरा फूट बाय नऊ. फरशी साधी, करडी, एका कोपऱ्यात तडकलेली. लिंबाच्या दोन कुंड्या, झिनियाच्या चार, सदाफुली, आणि फुटक्या बादलीतली टणटणी. बसायला दोरीची खुर्ची. चारला पाळी संपते, साडेचारला बाई घरी येतात आणि पाच ते साडेसहा त्या खुर्चीत बसतात. उन्हाळ्यात फरशी संध्याकाळपर्यंत पाय भाजेल इतकी तापलेली असते, म्हणून आधी दोन तांबे पाणी. पाण्याच्या ओलीवर काळी, पिवळ्या ठिपक्यांची फुलपाखरं उतरतात आणि सोंड लावून बसतात. बाई बघतात. फोटो काढत नाहीत, नाव विचारत नाहीत, मन शांत झालं वगैरे कुणाला सांगत नाहीत. आठ तास लोकांचं गाऱ्हाणं कानात घेतल्यावर जिथं कुणी बोलत नाही अशी ती एकच जागा आहे, आणि उन्हाळा संपला की तीही नसते.

त्या मंगळवारी अळ्या चौदा होत्या. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात. आता मोठ्या होऊन हिरव्या झाल्या होत्या. कोशात जायला आणखी पाच-सहा दिवस लागणार होते. फवारणीचं पथक तक्रारीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. हा हिशेब बाईंइतका शहरात कुणालाच पाठ नव्हता.

नणंद दाराशी मशीनवर बसून पडद्याला दुमड घालत होती. सगळं ऐकून तिचं पायडल थांबलं.

"म्हणजे तुझ्याच घरावरची तक्रार तूच लिहून घेतलीस?"

"त्यांनी केली. मी लिहिली."

"आणि ती कळ कशाला दिलीये? टेबलाला शोभा म्हणून?"

"ताई, अकरा वर्षांत दाबली नाही."

"अगं, मग आज दाबायची! हरिश्चंद्राची धाकटी बहीण लागून गेलीस का? आता निदान ती तुझी मेंढरं उचल आणि न्हाणीघरात नेऊन ठेव. दोन दिवस मी बादलीनं बाहेर आंघोळ करीन."

"तपासणीआधी कुंडी हलवायची नाही. मीच लोकांना सांगते."

"सांग, सांग. पथक येईल तेव्हा त्यांना सरबतही दे. अन् घुम्याच आहेत म्हणाला ना तो? ते तेवढं खरं लिहिलंस हो."

बाई खुर्चीत जाऊन बसल्या. साडेसहाला उठायच्या, त्या दिवशी पावणेसात झाले.

गुरुवार हा बाईंच्या सुट्टीचा वार. सव्वानऊला पथकाचा मुकादम आला. पाठीवर टाकी, हातात छापील कागद. छापील कागद पाऊण पान भरलेला पाहून तो वाटेतच वैतागला होता. त्याला एका शब्दाची सवय. भिंतीपलीकडे प्राचार्य उभे होते, गळ्यात कॅमेरा.

मुकादमानं चौदा अळ्या मोजल्या, कागद डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्यानं वाचलं. 'रोखून बघत होती' इथं तो थांबला, अळीकडे बघितलं, पुढं वाचलं. शेवटाला आल्यावर टाकी उतरवून खाली ठेवली.

"सर, यातलं नेमकं काय करू?"

"स्पष्ट लिहिलंय की! अळ्या मारा."

"आणि फुलपाखरं आहेत तशी ठेवू?"

"अर्थात."

"कुठून आणू? आमच्या स्टोअरला मिळत नाहीत."

"फुलपाखरांचा इथं काय संबंध?" प्राचार्य म्हणाले.

मशीन थांबलं. नणंद दारात येऊन उभी राहिली, हातात कात्री. "सर, शाळेत विषय कुठला शिकवायचात?"

"भूगोल."

"हां. मग मुलं वाचली."

"अहो, अळीचं फुलपाखरू होतं हे मला कळत नाही का?" प्राचार्यांचा आवाज चढला. "पण याच अळ्यांची तीच फुलपाखरं, असं थोडंच आहे! ती बाहेरून येतात. बागेतून वगैरे."

"येत असतील," मुकादम म्हणाला. "पण मला लिहून द्यावं लागेल. कागदावर दोन्ही मागण्या आहेत, काम एकच होईल. एक खोडा, सही करा. फवारणीच्या आधी गल्लीच्या फाटकावर नोटीस लावतो. तक्रारदाराचं नाव आणि मागणी, जशीच्या तशी."

"नाव कशाला?"

"नियम आहे. औषध मारतोय म्हटल्यावर लोकांना कळायला नको, कुणाच्या सांगण्यावरून?"

प्राचार्यांनी कागद घेतला. पेन उघडलं. 'अळ्या नकोत'वर नेलं, मग 'फुलपाखरं राहिली पाहिजेत'वर नेलं. चाळीस-पन्नास माणसं, रोज पावणेसात, हात जोडलेले. फाटकावर त्यांचं नाव आणि खाली, फुलपाखरं नाही राहिली तरी चालतील. त्यांनी पेनला टोपण लावलं.

"विचार करून कळवतो."

"सात दिवस आहेत. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. कळवलं नाही तर तक्रार आपोआप बंद होते." मुकादमानं टाकी उचलली.

आता बाई भिंतीशी आल्या आणि रोजच्याच आवाजात, रोजच्याच शब्दांत म्हणाल्या, "आणखी काही तक्रार आहे का?"

"नाही. धन्यवाद," प्राचार्य म्हणाले, आणि घरात गेले.

नणंद दाराच्या चौकटीला धरून हसत राहिली. मुकादमाला हसायचं कारण कळलं नाही; तोही थोडा हसला.

त्यानंतर प्राचार्यांनी काय केलं? कागद खोडला नाही, परत केला नाही, आणि फोटो थांबवले नाहीत. शुक्रवारी सकाळी पावणेसातला ओल्या फरशीवरचं फुलपाखरू आलं, निर्णय घेणाराच जिंकतो या उपदेशासकट. त्रेपन्न लोकांनी हात जोडले. रविवारी त्यांनी प्लास्टिकचं गवत धुतलं.

चौदापैकी दोन अळ्या पक्ष्यानं नेल्या. अकरा अंगणातच कोशात गेल्या: लिंबाच्या काड्यांवर, बादलीच्या कडीखाली, एक तर दोरीच्या खुर्चीच्या पायाला. म्हणून बाई या मंगळवारपासून स्टुलावर बसतात. चौदावी भिंत ओलांडून गेली आणि प्राचार्यांच्या खिडकीच्या कठड्याखाली तिनं स्वतःला बांधून घेतलं. ते रोज तिथंच कोपर टेकून फोटो काढतात.

"सांगू का त्यांना?" नणंदेनं काल विचारलं.

"त्यांनी विचारलं तर सांगा," बाई म्हणाल्या आणि फरशीवर दुसरा तांब्या ओतला.

आज बुधवार. उद्या बाईंची सुट्टी महिनाअखेरीमुळे रद्द झाली आहे. त्यांची पाळी आठ ते चार आहे. मुदत सहाला संपते, तेव्हा त्या अंगणात स्टुलावर असतील. तक्रार बंद झाल्याचा संदेश प्राचार्यांना कक्षातलं यंत्र सहा वाजून एक मिनिटानं पाठवेल.