फ्लेक्सवरचा पायलट

आमच्याकडं पोरगं बारावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. मी घरातला पहिला पदवीधर, तेव्हाही लागला होता. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

नांदेडला बी.एस्सी. केली. मग वडिलांनी रस्त्यालगतचं शेत विकून मला विमान शिकायला पाठवलं. लायसन्स घेऊन आलो आणि घरी बसलो. मोठ्या कंपन्यांना आधीच मोठी विमानं उडवलेली माणसं हवी असतात. ती पहिल्यांदा उडवायला कोण देणार, हे कुणी सांगत नाही. मुरुडच्या बाजारात भेटेल तो विचारायचा, "काय कॅप्टन, इमान पंक्चर झालं का?"

पॅराशूट बांधून हौसेनं उड्या मारणाऱ्यांना वर नेणाऱ्या कंपन्या असतात. तिथंही फोन करून बघितले होते. "उड्या मारणारे नेलेत का कधी?" "नाही, पण शिकीन." पलीकडून फोन बंद.

त्या हिवाळ्यात अशी एक कंपनी लातूरच्या धावपट्टीवर कॅम्प घेऊन आली. आमच्या गावापासून धावपट्टी जवळच. त्यांचा पायलट मध्येच सोडून चालला होता. फाटकावर कागदं घेऊन उभं राहायची मला लाज वाटली नाही. कॅम्पवर देखरेखीला असलेल्या म्हाताऱ्या कॅप्टननं मला शेजारी बसवून वर नेलं.

छोटं विमान, दार काढलेलं, मागच्या सीटा काढलेल्या. वारा अंगातून आरपार. वर गेलं की वेग कमी करायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन जागा धरायची. माणसं दाराकडं सरकली की विमान मागं जड होतं, ते हातानं सावरायचं. शेवटचा सुटला की एकदम हलकं. तरी खाली यायची घाई करायची नाही. तापलेलं इंजिन झटक्यात थंड पडलं तर तडकतं. खाली टेकल्यावर कॅप्टन म्हणाला, "हात चांगला आहे. पण ठरवणार मालक."

मालक विमानानं नांदेडला उतरणार होते आणि नेमका ड्रायव्हर आला नव्हता. "तुम्हीच आणता का त्यांना?" कॅप्टननं विचारलं. लायसन्स विमानाचं आणि काम जीपचं. गेलो.

मालक मोजकं बोलणारे. अहमदपूरच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "वर नेणारे पुष्कळ मिळतात. मला नाही म्हणणारा पायलट हवाय. वारा वाढला की नाही."

"म्हणीन."

"पैसे भरलेलं गिऱ्हाईक ओरडतं हो."

"ओरडू द्या. वरून पडणार तो आहे."

ते पहिल्यांदाच हसले. "सोमवारपासून या."

लातूर मागं पडलं, विमानतळाचा फाटा आला आणि मी ब्रेक दाबला. फाट्यावर मी उभा होतो. काळा चष्मा, पांढरा शर्ट, मागं भलंमोठं जंबो विमान. खाली कंपनीचं नाव आणि 'चीफ पायलटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. डोक्यावर आमच्या भागातले पुढारी हात जोडून. पायाशी शुभेच्छुक पोरांच्या चेहऱ्यांची रांग.

"हे कुणी लावलं?"

"चुलतभावानं असंल. मला माहीत नव्हतं, साहेब." खरंच नव्हतं. मी फक्त घरी सांगितलं होतं की वर जाऊन आलो.

"आणि हे वरचे? ओळखीचे?"

"न्हाई. ते सगळ्यांच्याच फ्लेक्सवर असतात."

त्यांना ते पटलं नाही. बाहेरच्या माणसाला कसं पटावं? "उद्या यांनी पोरं पाठवली, फुकट उडवा म्हणून. वारा आहे. नाही म्हणाल?"

"म्हणीन," मी म्हणालो. पण थोडं उशिरा. नजर त्या जोडलेल्या हातांवर होती. तेवढा उशीर त्यांनी ऐकला.

"सोमवारचं राहू द्या. कळवतो."

घरी जाऊन चुलतभावाला धरलं. तो उलट मलाच म्हणाला, "अरे, एकदा फ्लेक्स लागला की कुणाला माघार घेता येत न्हाई. तुझं पक्कं व्हावं म्हणूनच लावला लेका."

"काढ तो."

"येडा का तू? वर पुढारीसाहेबांचा फोटो हाय. त्यांचा वाढदिवस होईस्तोवर हात लावायचा न्हाई."

मला चुलतभावाचा राग आहे, पण मालकाचा जास्त आहे. कॅम्पचा मॅनेजर मालकाचा सख्खा भाचा. त्याचा फ्लेक्स कुठं लागला नव्हता, एवढाच काय तो फरक.

सोमवारी बाहेरून आलेला पायलट वर गेला. आमच्या ओट्यावर शेजारचे तात्या आकाशाकडं बघत वडिलांना म्हणाले, "तुमचं पोरगंच का वो?"

मी आत होतो. वडिलांनाही माहीत होतं मी आत आहे.

"हाव, आमचंच," वडील म्हणाले.

तेव्हापासून विमान वर असलं की मी घराबाहेर पडत नाही. आतल्या खोलीत बसून आवाज ऐकतो. वेग कमी झाला, म्हणजे माणसं दारात आली. हा नवा गडी परतताना फार घाई करतो. इंजिन खराब करणार एक दिवस. सांगणार कुणाला? आवाज धावपट्टीवर टेकून बंद झाला की चपला घालतो आणि बाहेर येतो. ओट्यावर कुणीतरी असतंच.

"आलास का रे उतरून?"

"आलो."