एकशे सदुसष्ट सुटे ठिपके

माझ्या मामांची पोरगी स्वप्नाली, म्हणजे आमची अक्का, सूर्यावर पीएच.डी. करते, हे हुपरीत सगळ्यांना ठाऊक होतं. सूर्याचं नेमकं काय करते, हे विचारायचं धाडस मीच एकदा केलं.

"सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंश, आणि त्याच्या बाहेरचं विरळ वातावरण दहा लाखांच्या वर," अक्का म्हणाली. "चुलीपासनं लांब जाईल तसं जास्त भाजतंय. का, ते शोधायचंय."

"आपल्या पावण्यांसारखंच की. लांबचे जास्त तापतात."

ती हसली नाही.

तिचं म्हणणं असं: सूर्यावर चुंबकीय रेषांच्या कमानी असतात. त्या पिळवटतात, तुटतात, नव्यानं जोडल्या जातात, आणि त्या झटक्यात ऊर्जा सुटते. ती कमानीच्या दोन्ही पायांकडे धावते, तिथं दोन ठिपके चमकतात. उपग्रहाच्या चित्रांतले असले ठिपके अक्कानं चार वर्षं डोळ्यांनी वेचले.

शेवटच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं म्हणून बाळासोमामा, मामी आणि गाडी चालवायला मी, असे तिघं कोल्हापूरला गेलो. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदम मराठीत विचारलं.

"चारशे बारा घटना, आणि प्रत्येकीला दोन ठिपके. एकटा चमकलेला एकही नाही?"

"होते सर. मी काढले."

"उपकरणाचा गोंगाट, खोटे ठिपके म्हणून?"

तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडमनी हलकेच मान डोलावली. हो म्हण. हो म्हटलं की पदवी पक्की, आणि एक तारखेला बंगळूरची नोकरी. पदवीचा दाखला नसेल तर यादीतला पुढचा माणूस घेणार होते. अक्कानं टेबलाची कड धरली. मामांनी माझा गुडघा.

"न्हाय सर." घरचंच निघालं तोंडातून. "मी तपासलंच नाही. आमच्या घरी चांदीची पैंजणं होतात, लहानपणापासून मी निवडायला बसते. ज्याला जोड नाही ते वितळवायला बाजूला. इथंही हात तसाच चालला."

मामी ताडकन उभी राहिली. "सायेब, ती खोड माझी हाय. पोरीचं मार्क कापू नका."

हॉल हसला. परीक्षक हसले नाहीत. "ते ठिपके फेकले?"

"चांदी कोण फेकतं, सर? वेगळ्या फाइलीत आहेत. एकशे सदुसष्ट."

"चुंबकीय नकाशावर टाका. आत्ता."

ठिपके कसेही विखुरले तर तो गोंगाट, प्रबंध वाचला. कुठं गोळा झाले, तर प्रबंध चुकला. पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. मी पहिले वीस मोजले आणि सोडून दिलं. सगळे सूर्यावरच्या काळ्या डागांच्या कडेला दाटले होते.

अक्का स्वतःच बोलली. "कमानीचा एक पाय डागात आहे, सर. तिथलं क्षेत्र इतकं जोरदार, की बरेच कण खाली पोचण्याआधीच माघारी फिरतात. म्हणून डागाबाहेरचा दुसराच पाय चमकतो. हा गोंगाट नाही. मी ऊर्जा कमी मोजली. माझं चौथं प्रकरण चुकलंय."

"तीन महिने घ्या. पुन्हा लिहा," परीक्षक म्हणाले. "पदवी त्यानंतर."

व्हरांड्यात तिनं स्वतःच बंगळूरला फोन लावला. तीन महिने मागितले, पलीकडचं ऐकलं, "समजलं" म्हणाली आणि फोन ठेवला. जागा गेली होती.

मला चार थट्टा सुचल्या, चारी गिळल्या.

मामीनंच विचारलं, "ते सुटं धरलं, तर सूर्य तापण्यापुरतं भरंल व्हय?"

"न्हाय गं. तरी कमीच पडंल."

"मग त्याहून बारकं शोध की!"

"बारकं चित्रात नीट दिसत न्हाय, आई."

"मला दाव. तुझ्यापेक्षा बारीक कड्या निवडल्यात मी."

अक्कानं नाक पुसलं. "सोमवारी चष्मा घिऊन बस माझ्याशेजारी. आणि जोड न्हाय म्हणून काय बी बाजूला टाकायचं न्हाय, आधीच सांगते."