आण्णांचा शनिवार

आण्णांना पार्किन्सन्स झाला, हात थरथरायला लागले, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी पडद्यावरच्या दोन गोलांवर दोन बोटं आळीपाळीनं टेकवायची. बोटं किती अडखळतात ते एआय ओळखणार, डॉक्टरांना कळवणार आणि त्यावरून गोळ्या वाढवायच्या की नाही ते ठरणार. तोच आलेख माझ्याही मोबाईलवर यायचा. मी नागापूरला कारखान्यात, आई-आण्णा कर्जतजवळ मळ्यात. चहाच्या सुट्टीत हिरवी रेघ बघितली की जिवाला बरं वाटायचं. मैत्रिणींना दाखवायचे, "बघा, आमचे आण्णा कसे ठणठणीत!"

सणाला घरी गेले तर आण्णांना शर्टाचं बटण लावता येईना. भाकरी मोडता येईना. अगं बाई, मग ती हिरवी रेघ कुणाची?

सकाळी बघते तर आई चुलीपाशी बसून मोबाईलवर टकाटक बोटं मारतीय.

मी अशी भडकले! "आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझ्या बोटांवर त्यांच्या गोळ्या ठरल्या! वाढवायच्या राहिल्या की गं!"

तिला काही कळेचना. आण्णांचा शनिवारचा उपास डॉक्टरांनी बंद केला, तेव्हापासून तो तीच धरते. आमच्याकडे नवऱ्याला झेपेना की बायको धरते, देवाला चालतं. डॉक्टरला कसं चालेल?

"त्यांची बोटं गोलावर बसायची न्हाईत," ती म्हणाली. "मग रडायचे गं. म्हनलं, शनिवार धरते तसं हे बी मीच करते." आणि पदर तोंडाला लावला. मलाही रडू फुटलं, पण राग काही जाईना.

आण्णा खाटेवर होते. त्यांचा आवाज हल्ली इतका बारीक, की कान तोंडाशी न्यावा लागतो. मला वाटलं, तिला बोलू नको म्हणतील.

"ती रेघ समदी तिचीच व्हय?"

"हो, आण्णा."

"म्हंजी तिचा हात चांगला हाय?"

"चांगला आहे."

"लई बरं झालं," ते म्हणाले. "मला रोज भ्या वाटायचं, माझं दुखनं तिला बी लागंल."

चुलीपासून आई विचारत होती, "काय म्हनले गं?"