हेतूचा रकाना

फौजेत मी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. अशा माणसाला तिथं आर्मरर म्हणतात. गोळी झाडणारे वेगळे, आणि त्यांच्या हातातलं हत्यार ऐनवेळी दगा देणार नाही हे बघणारा वेगळा. तो मी. नळीत एक डोळा घालून मी सांगायचो, ही चालेल, ही चालणार नाही, आणि मी नाही म्हटलेली बंदूक कुणी हातात घेत नसे. मोठे साहेबसुद्धा नाही. माणसाला एवढा मान मिळाला की तो गावी येतानाही सोबत येतो, तसा माझाही आला. तो वाटेतच कुठंतरी पडला असता तर बरं झालं असतं.

आमचं गाव वेल्ह्याच्या रस्त्याला, नसरापूर मागं टाकून पुढं गेलं की डाव्या हाताला. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी सरहद्दीवर होतो, त्यामुळे ओढ्याकाठची तीन खाचरं दादांनीच सांभाळली. इंद्रायणी भात. माझ्या प्रत्येक सुट्टीत वहिनी मला नव्या तांदळाचा भात वाढायच्या आणि दादा समोर बसून मी खातो का ते बघायचे. मी निवृत्त होऊन आलो त्याच सुमाराला डुकरांचा उपद्रव फार वाढला होता. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की ती रानातून उतरत, खातील थोडं आणि तुडवतील चौपट. फटाक्यांना ती सरावली होती. पण आमच्याकडं वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, वरून दारू ठासायची ती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर दादांच्या नावानं चढलेली. दिवस मावळताना दादा तिचा एक बार हवेत काढायचे. डोंगरावरून तो आवाज फिरून यायचा आणि डुकरं दोन-तीन दिवस फिरकायची नाहीत.

मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल लागल्यावर दादा बंदूक परत आणायला निघाले तेव्हा मी सोबत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. हवालदारानं बंदूक टेबलावर ठेवली, मी सवयीनं उचलली, उजेडाकडं धरली आणि नळीच्या बुडाशी मला केसाएवढी भेग दिसली.

"दादा, ही फुटंल. हात जाईल तुमचा," मी म्हटलं.

"इतकी वर्सं न्हाई फुटली ती?"

"म्हणून तर आता फुटंल."

हे मी आजही खोटं म्हणणार नाही. भेग होतीच. बंदूक ठाण्यातच राहिली. बाहेर आल्यावर दादांनी रिकामे हात एकमेकांवर झटकले. मग म्हणाले, "बरं. तुला कळतं त्यातलं. दुसरी एक निवडून दे, भात निसवायच्या आत."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एसटीनं पुण्याला निघालो. खेड-शिवापूरच्या आसपास दादा खिडकीतून बघता बघता म्हणाले, "लई भारी नको हां. मला काय डुकरं मारायची न्हाईत. मारायला वनखात्याचा कागद लागतो, कोण त्या भानगडीत पडतंय. आवाज झाला म्हंजी झालं."

"बंदूक म्हंजी दिवाळीचा फटाका न्हवं, दादा," मी म्हटलं. पुढच्या सीटवरची बाई हसली. दादाही हसले. त्यांनी मला सांगायचं ते सगळं सांगून टाकलं होतं, आणि मी विनोद केला.

दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं काचेच्या कपाटातून एकनळी बारा बोअर काढली. दादांनी ती खांद्याला लावली. लाकडी दस्ता त्यांना अगदी बेतल्यासारखा बसला. जन्मभर नांगर वाहिलेला तो खांदा, त्याला मी कधी एखादी वस्तू इतकी बरोबर बसलेली पाहिली नव्हती. "ही बरी हाय की," ते म्हणाले. मी ती त्यांच्या हातातून घेतली. चाप जड होता. नळी आतून खरबरीत. आणि मुख्य म्हणजे एक बार काढला की बंदूक मधे मोडून दुसरं काडतूस घालेपर्यंत माणूस उघडा. मी ते सगळं मोठ्यानं सांगितलं, दुकानातल्या इतर दोघांना ऐकू जाईल असं. मग म्हटलं, चांगली सेमी ऑटोमॅटिक रायफल असेल तर बोला. चाप ओढला की एक गोळी, पुन्हा ओढला की दुसरी, मधे हात लावायला नको.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "फौजी, तुम्हाला माहीतच असेल. ती साध्या परवान्यावर मिळत नाही."

माहीत होतं. पण बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नाही म्हणणार कोण, असं मला खरंच वाटलं. कचेरीत जाऊन मी दादांच्या नावानं अर्ज भरला. हत्याराच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, रायफल, सेमी ऑटोमॅटिक. खाली हेतूचा रकाना होता. तिथं घाईनं एक शब्द टाकला, पीकसंरक्षण, आणि पुढं गेलो. माझ्या नोकरीच्या कागदांच्या नकला जोडल्या, जणू डुकरं माझा हुद्दा वाचणार होती. खिडकीतला कारकून भला माणूस. तो म्हणाला, एकनळी लिहा, लवकर होईल. मी म्हटलं, तुम्ही अर्ज घ्या, वरचे बघतील.

फौजेत नव्या पोरांना मी वर्षानुवर्षं पहिला धडा एकच दिला होता: काम काय आहे ते आधी सांग, मग हत्यार माग. पहाऱ्यावर एक, रानात दुसरं. वस्तीत लांब पल्ल्याची रायफल नेलीस तर गोळी शत्रूला लागो न लागो, मागच्या भिंतीतून पार होऊन कुणाच्या तरी चुलीपर्यंत जाईल. हे मी झोपेतसुद्धा म्हणू शकलो असतो. आमच्या खाचरांच्या वर, समोरच्या उतारावर, चौदा घरांची वाडी आहे. रायफलची गोळी डुकराला चुकली असती तर तिथंच गेली असती. मला ते एकदाही सुचलं नाही. खरं सांगतो, ती रायफल मला दादांसाठी नको होतीच. मला पुन्हा तिचं वजन हातात हवं होतं. मॅगझिन बसतानाचा खट्ट आवाज हवा होता. मी गावात नुसता म्हातारा होत चाललो होतो आणि ते मला सोसत नव्हतं.

अर्ज वर गेला तो गेलाच. पाऊस सरला, भात निसवलं. दादा रोज विचारत, "तुज्या बंदुकीचं काय झालं रं?" मी म्हणायचो, येईल. हातात काही नाही म्हणून ते पत्र्याचा डबा बडवत बांधावरून फिरायचे. एका सकाळी, चांगलं ऊन वर आलेलं असताना, ओढ्याकडच्या खाचरात आडवं झालेलं भात बघायला ते आत शिरले. डुक्कर अजून तिथंच पडून होतं. ते थेट अंगावर आलं.

मी धावलो तेव्हा दादा चिखलात बसले होते, दोन्ही हातांनी मांडी आवळून. डबा बाजूला पडला होता. नसरापूरपर्यंत टेम्पोनं नेलं, तिथून पुढं ॲम्ब्युलन्सनं. वाटेत त्यांनी मला एकच विचारलं, "राहिलेलं भात कोण राखतंय?" कुणीच राखत नव्हतं. आम्ही घरी परतलो तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं.

जीव वाचला. पाय गुडघ्यात वाकत नाही, आणि चिखलात उभं राहणं तर संपलंच. पुढच्या पावसाळ्यात मी लावणी करून बघितली. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसानं पहिल्यांदा रोप हातात धरल्यावर जे व्हायचं तेच झालं, आणि जे काही उगवलं ते डुकरांनी उकरलं. या वर्षी तिन्ही खाचरं पडीक आहेत. वहिनी दुकानातून तांदूळ आणतात. मला पहिल्यासारखाच आग्रहानं वाढतात. त्यांनी एकदा तरी शिव्या घालाव्यात असं मला वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर, यंदा, अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं, दोन ओळींचं. हवं असल्यास दुसऱ्या हत्यारासाठी नव्यानं अर्ज करावा. मी त्याच दिवशी भोरला गेलो, कोरा अर्ज आणला आणि ओट्यावर दादांच्या शेजारी बसून भरायला घेतला. नाव. गाव. वय. हत्याराच्या रकान्यात लिहिलं, एकनळी, बारा बोअर. दादा मान लांब करून माझ्या पेनकडं बघत होते. त्यांची सही आधीच घेतली होती, मांडीवर कागद ठेवून केली म्हणून जरा तिरकी आलेली.

"आता ह्यात काय?" त्यांनी बोट ठेवलं.

"हेतू. बंदूक कशाला पायजे ते."

दादांनी मान वळवून खाली खाचरांकडं बघितलं. गुडघाभर गवत वाढलं होतं आणि त्यात शेजाऱ्यांची गुरं चरत होती.

"पीक कुठं हाय आता राखायला?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला खरोखरच विचारत होते. "खोटं लिवू नको. ऱ्हाऊ दे तसाच."

तो अर्ज माझ्या ट्रंकेत आहे. सगळा भरलेला, सहीसकट. तेवढा एक रकाना सोडून.