अर्धं घमेलं जास्तीचं

आमचे हे गवंडी. ओळंबा लावायच्या आधीच भिंत सरळ उभी राहते, असा हात. बायको म्हणून कौतुक करत नाही हं. वीस वर्षं ह्यांचा माल मीच कालवतेय, म्हणून सांगते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ह्यांना चार बुटक्या भिंती बांधायला बोलावलं. बांधायच्या आणि यंत्रात दाबून फोडायच्या! विटांच्या भिंतीवर वजन येतं, उतरतं, पुन्हा येतं. त्यानं ती कशी थकत जाते, याचं गणित मॅडमनी कॉम्प्युटरवर मांडलं होतं. तीन वर्षं घातली होती त्यात. गणिताची रेघ आणि खऱ्या भिंतीची रेघ जुळली की त्यांचं काम फत्ते. जुन्या इमारतींत सिमेंट कमी असतं, म्हणून त्यांनी बजावलं होतं, सहा घमेली वाळूला एकच घमेलं सिमेंट.

पण भिंत परीक्षेला बसणार म्हटल्यावर आमचे हे स्वस्थ बसतात होय? अजून अर्धं टाक म्हणाले. मॅडमनी एक सांगितलंय, असं मी म्हटलं, तर म्हणे चारचौघांत आपली भिंत फुटली तर काय तोंड दाखवू? टाकलं मी मुकाट्यानं. चूक माझीही तेवढीच.

महिन्यानं यंत्र चाललं. दाबायचं, सोडायचं, पुन्हा जास्त दाबायचं. दर खेपेला भिंत केसभर खाली बसायची, सोडली की वर यायची, पण पूर्ण नाही. स्क्रीनवर तिची रेघ वळसे घेत चढत गेली. गणितानं जिथं फुटेल म्हटलं होतं, तिथं भिंत ठणठणीत. चारही तशाच. हे मिशीतल्या मिशीत हसत होते आणि मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. भिंत मजबूत निघाली म्हणून कुणी तोंड पाडतं का, मला कळेना. मग त्याच म्हणाल्या, गणित चुकलं, तीन वर्षांवर पाणी पडलं.

ह्यांचं हसू तिथंच मावळलं. घरी ताटावर बसले आणि तसेच उठले. मी वैतागून म्हटलं, सिमेंटचं कोण विचारतंय तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित बदलू नका. खोट माझ्या कामात आहे. सिमेंट दीडपट घातलं मी."

वीस वर्षांत ह्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. काढली ती ह्यांनीच. मला रडूच आलं, पण लाजेनं नव्हे.

मॅडमनी स्क्रीनवरची ती रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "पुन्हा बांधाल?"

बांधल्या. ह्या वेळी प्रत्येक घमेलं मी फळीनं सपाट करून मोजलं आणि हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, जीभ सुटू नये म्हणून.

महिन्यानं पुन्हा यंत्र. भिंतीची रेघ गणिताच्या रेघेवरून वळसे घेत निघाली. आम्ही सगळे श्वास रोखून. ठरल्या जागी कडाडकन आवाज झाला, आणि मॅडमच्याही आधी आमचेच हे ओरडले, "फुटली!"

स्वतःची भिंत फुटली म्हणून असा नाचलेला गवंडी दुसरा कुणाला दिसला असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं.