दुसऱ्या बाजूची शेवटची धून

नरोत्तम गेल्याचा निरोप घेऊन त्याचा पुतण्या बोईसरला माझ्या घरी आला, तेव्हा मी त्याला आधी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तो गोंधळून बघत राहिला. त्याच्या घरातलंच माणूस गेलं होतं, त्याला आणखी कोण सांगणार... पण नरूच्या सहवासात राहून प्रत्येक गोष्ट उलटसुलट करून बघायची खोड मलाही लागली होती.

माकुणसारला, आमच्या मूळ गावी, आमची घरं शेजारी. त्याच्या वडिलांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, पण नरूचं लक्ष पालघरच्या लग्नाच्या बँडकडे. तिथेच तो ट्रम्पेट शिकला आणि पुढे मुंबईत एका हॉटेलात जॅझ वाजवू लागला. सत्तरच्या दशकात त्याची रेकॉर्ड निघाली, एकट्याच्या नावाची. वेष्टनावर कोट घातलेला नरू. जॅझ म्हणजे काय हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, तरी आपल्या वाडीतला पोरगा तबकडीवर आला म्हणून माणसं ती हातात घेऊन बघून जायची.

एकटा नरूच खूश नव्हता. शेवटची धून रेकॉर्ड करायच्या दिवशी त्याला ताप होता. ओठ सुजलेले, वरचे सूर फाटत होते. अर्ध्यावर सोडून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी संगीत जुळवणारे साहेब म्हणाले, "झालं काम, छान झालंय." आणि रेकॉर्ड आली तेव्हा ती धून पाण्यासारखी स्वच्छ. लोकांना आवडली तीही नेमकी तीच.

"हा मी नाय," नरू म्हणायचा. "दुसऱ्याकडून वाजवून घेतलंय."

साहेबांनी हसण्यावारी नेलं. साथीदार म्हणाले, तापात होतास, तुला आठवत नाही. मग नरूला ते सगळेच सामील वाटायला लागले. वर्षभरातच हॉटेल सोडून तो गावी परतला. वाडी बघायची आणि लग्नसराईत पुन्हा त्याच पालघरच्या बँडात वाजवायचं. रविवारी रेकॉर्ड काखेत मारून माझ्याकडे बोईसरला यायचा, कारण रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे होता. ती धून लागली की तबकडीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचा.

"बोल. मी का दुसरा?"

"तूच रे."

"लगेच बोललास. जरा इचार तरी करायचास."

पुढच्या खेपेला मी विचार करून बोललो, तर म्हणाला, "येवढा वेळ का लागला?"

सर्वांत जास्त झळ त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना. लग्नाआधीपासून त्याचं वाजवणं त्यांनी ऐकलेलं. त्या शपथेवर सांगत, "तुमीच हाय." तो म्हणे, "तू पण त्यांच्यातलीच." मग दोन-दोन दिवस अबोला. अबोला असला की तो मागच्या पडवीत बसून तीच धून वाजवायचा, रेकॉर्डवर आहे तशी यावी म्हणून. ती यायची नाही, पण तिच्या नादानं दुसरं कितीतरी यायचं. वाटेनं जाणारी माणसं थांबून ऐकत. अशी वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात छातीचं दुखणं निघालं तोवर तो वाजवत होता.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी माझा रेकॉर्ड प्लेअर घेऊन माकुणसारला गेलो. वहिनींनी तबकडी लावायला सांगितली. पहिली बाजू झाली, दुसरी लागली. शेवटच्या धुनेआधी त्यांनी उठून सुई उचलली.

"ही नको. ही ह्यांची नाय."

मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिवशी. वरचा सूर घ्यायच्या आधी हे नाकानं श्वास ओढायचे, जोरात. बाकी सगळ्या गाण्यांत हाय. हितंच नाय."

"मग इतकी वर्षं..."

"मी खरं बोलले असते तर त्यांनी ते ट्रम्पेट पेटीत घालून माळ्यावर टाकलं असतं. मी ओळखते ना त्यांना." त्या पदरानं तबकडीवरची धूळ टिपत होत्या. "माज्यावर संशय घेतला तर घेतला. वाजवत तर राह्यले."

त्यांनी पुन्हा पहिली बाजू लावली आणि माझ्याकडे न बघता बोट वर केलं. सूर चढत गेले, क्षणभर थांबले... आणि त्या थांब्यात कोणीतरी नाकानं श्वास घेतला. ही तबकडी मी किती वेळा ऐकली असेन, पण हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. वहिनींनी बोट खाली केलं आणि पुढच्या जागेची वाट बघत बसल्या.