गाडीत अडकलेलं जॅझ

आईच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, तेव्हा आम्ही घाईघाईने एक जुनी गाडी घेतली. तोवर गाडीवाचून आमचं काही अडलं नव्हतं. मी द्रोणागिरीला एका गोदाम कंपनीच्या ऑफिसात आहे, तिथे न्यायला बस येते. बायकोची शाळा सानपाड्यातच, घरापासून चालत जाण्यासारखी. पण आईला शनिवार-रविवार सोडून रोज खारघरच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं आणि रिक्षाचा प्रत्येक धक्का थेट तिच्या टाक्यांत जायचा. ती बोलायची काही नाही, नुसती समोरची दांडी घट्ट धरून बसायची. ते बघवेना म्हणून मी कळंबोलीला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे गेलो आणि त्यातल्या त्यात कमी हादरणारी गाडी घेऊन आलो.

गाडी ठीक होती. फक्त तिच्या टेपमध्ये एक सीडी अडकलेली होती. बटण दाबलं की आत घरघर व्हायची, सीडी काही बाहेर यायची नाही. रेडिओही लागत नव्हता. चावी फिरवली की आपोआप पियानो सुरू व्हायचा आणि मग एक बाई इंग्रजीत गायला लागायची. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल." म्हटलं, राहू दे, नंतर बघू. आवाज अगदी बारीक करून ठेवला.

पहिले काही दिवस आम्ही तसेच जात-येत होतो. जाताना आई गप्प, येताना थकलेली. तिसऱ्याच कुणाचा तरी आजार असावा तसे आम्ही दोघं रस्त्याबद्दल आणि सिग्नलबद्दल बोलायचो. मग एका सकाळी पाम बीच रोडला लागल्यावर ती म्हणाली, "अरे, जरा मोठं कर ते."

"काय?"

"त्या बाईचं गाणं. रोज कुजबुजते बिचारी."

मी आवाज वाढवला. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण हे जॅझ आहे आणि गाणी बरीच जुनी आहेत, एवढं लक्षात आलं. आई मात्र कान देऊन ऐकत होती. तिने मुंबईत आयुष्यभर बालवाडीत मुलांना गाणी शिकवली होती. बोटांनी मांडीवर ठेका धरून ती म्हणाली, "ही जरा आळशी आहे बघ. ताल पुढे जातो, ही मागून सावकाश येते. पण येते बरोबर."

त्या दिवसापासून गाडीत बसल्या बसल्या तिचा हात आवाजाच्या बटणाकडे जाऊ लागला. ट्रम्पेटला ती पिपाणी म्हणायची. एक घोगऱ्या आवाजाचा गायक होता, त्याला सर्दी झालीय असं तिचं ठाम मत होतं. मग एकदा तिने विचारलं, "ती म्हणते काय रे?"

"प्रेमाचं आहे," मी म्हटलं.

"ते कळलं मला. पण म्हणते काय?"

आता पन्नाशीतल्या मुलाने आईला प्रेमगीतांचा अर्थ सांगायचा, तोही गाडी चालवताना! आमच्या घरात प्रेम हा शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. मी रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं, "ती त्याला म्हणतेय की जायचं तर जा, पण दार जोरात लावू नकोस, खालच्या मजल्यावर माणसं झोपलीत."

आईने मान हलवली. "बरोबर आहे तिचं. शेजाऱ्यांना कशाला त्रास?" आणि थोड्या वेळाने, "म्हणजे तिला रडायचं असणार. तो गेल्यावर."

हे मला सुचलं नव्हतं. मग रोज एखादं गाणं मी सांगायला लागलो. काही शब्द मलाही कळायचे नाहीत, तिथे मी अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचो आणि आई लगेच ओळखायची. "नाही, असं नसेल. सूर बघ किती खाली उतरलाय तिथे." एकदा तर तिला समजावताना माझं वळण चुकलं आणि आम्ही बेलापुरात भलत्याच सेक्टरमध्ये शिरलो. आई ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या दिवशी मोठ्याने हसली. हसताना दुखलं म्हणून छातीवर हात दाबला, पण हसायची थांबली नाही.

रेडिएशनला ती शेक म्हणायची. निम्मे शेक झाले आणि तिचे हाल सुरू झाले. काखेजवळची कातडी काळी पडून सोलवटली. अन्न गिळताना घसा दुखू लागला. एका सकाळी ती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसली आणि उठेचना.

"माका नको आता," ती म्हणाली. आई मालवणीत बोलली की विषय संपला, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी आधी समजावलं, मग चिडलो. "अर्धवट सोडायचं होतं तर ऑपरेशन कशाला केलं? आम्ही काय मजा म्हणून धावतोय का?" आईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. बायकोने मला डोळ्यांनी दटावलं आणि आईजवळ जाऊन बसली. "आई, आज शेक नको. आपण नुसती गाडीतून एक फेरी मारून येऊ. मीपण येते, शाळेत फोन करते."

आई उठली. ती पुढे बसली, बायको मागे. सीडी सुरू झाली. तीन-चार गाणी होऊन गेली. मग ते गाणं आलं, ज्याचा अर्थ सांगणं मी तोवर टाळलं होतं. आई म्हणाली, "हे तू सांगितलं नाहीस."

मी सांगितलं. बाई म्हणते, दिवसभर तू हवापाण्याचं बोललास. आता निघायची वेळ झाली. निदान आता तरी ते एक बोल.

आई खिडकीबाहेर खाडीकडे बघत होती. "तुझे बाबा चांगले होते," ती म्हणाली. "गोदीतून आले की हातपाय धुवायचे, भाजी निवडून द्यायचे. कधी हात उचलला नाही, कधी दारू नाही. शेवटी आजारी पडले तेव्हा मी उशाशी बसायचे. वाटायचं, आता काहीतरी बोलतील. ते विचारायचे, लाइट बिल भरलं का?" ती किंचित हसली. "मी हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला राग यायचा रे. मरणाऱ्या माणसाचा राग यायचा आणि मग स्वतःची लाज वाटायची. हे मी कुणाला बोलले नाही."

मागच्या सीटवरून बायकोने हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला, न दुखणाऱ्या बाजूच्या. एवढ्या वर्षांत मी बाबांच्या आजारपणाबद्दल तिला औषधांपलीकडे काही विचारलंच नव्हतं.

बेलापूरच्या सिग्नलला मी गाडी थांबवली आणि विचारलं, "आई, घरी वळू?"

तिने पदराने डोळे पुसले. "एवढं आलोच आहोत तर शेक घेऊनच जाऊ."

त्यानंतर तिने एकही दिवस चुकवला नाही. त्रास कमी झाला नाही, पण नको म्हणाली नाही.

शेक संपले तेव्हा तिने एकच इच्छा सांगितली. सीडीत एके ठिकाणी दोन गाण्यांच्या मध्ये एक पुरुष आणि एक बाई बोलतात, ग्लासांचा आवाज येतो. त्यावरून ही सिनेमातली गाणी आहेत, असं तिने केव्हाच ताडलं होतं. तिला तो सिनेमा बघायचा होता. मोबाइलवर शोधलं तर प्रत्येक गाणं डझनभर गायकांनी गायलेलं निघालं. शेवटी ऑफिसमधल्या एका तरुण सहकारी मुलीला मी सगळी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ओळीने ऐकवली. तिने जेवणाच्या सुट्टीत शोधून सिनेमाचं नाव आणि तो कुठे बघता येईल हे दोन्ही सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. आईने चांगली साडी नेसली होती. सिनेमा बरा होता, पण गाणी? कुणी मोटार चालवतोय, कुणी भांडतंय आणि मागे कुठेतरी ती बाई गातेय. दाराच्या गाण्यावर तर एक वेटर प्लेटा उचलत होता. तो आत गेला आणि गाणं संपलं.

"एवढंच?" आई म्हणाली. "तिला पुरतं गाऊसुद्धा दिलं नाही मेल्यांनी. बंद कर. चला खाली."

"खाली कुठे?"

"गाडीत."

आम्ही तिघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो आणि जागेवर उभ्या गाडीत दारं उघडी टाकून सगळी सीडी ऐकली. वॉचमन येऊन बघून गेला. शेजारच्या विंगमधल्या काकूंनी विचारलं, "कुठे निघालात?" आई म्हणाली, "कुठे नाही. गाणी ऐकतोय. या, बसा." काकू बसल्या नाहीत, पण गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

बायको चहा टाकायला वर गेल्यावर आईने मला विचारलं, "तू तिला कधी काही बोलतोस का?"

"तिला कळतं सगळं."

"तुझे बाबापण हेच म्हणाले असते," आई म्हणाली आणि आवाज वाढवला.

पुढच्या तपासण्यांचे रिपोर्ट चांगले आले. आईच्या अंगात हळूहळू ताकद आली. आता ती सकाळी बागेत एकटी जाते आणि भाजी घेऊनच परतते. डॉक्टर म्हणतात, मधूनमधून दाखवत राहा. त्या भेटी अजून चालू आहेत आणि दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत आम्हा तिघांचाही जीव टांगणीला लागतो. ते आता तसंच चालायचं.

मला मात्र आईचं बोलणं पचवायला बरेच आठवडे लागले. एका सुट्टीच्या सकाळी बायको मेथी निवडत होती. मी समोर बसलो, चार काड्या उचलल्या आणि म्हटलं, "त्या दिवशी तू नसतीस तर आई गेली नसती शेक घ्यायला. आईचंच नाही. माझंही तुझ्यावाचून काही खरं नसतं. मला तू हवी असतेस. घरात. म्हणजे, नेहमीच."

तिने मान वर केली आणि माझा चेहरा निरखून पाहिला. "काय झालं? ऑफिसात काही टेन्शन आहे का?"

"नाही. काही नाही झालं."

"नक्की?"

"नक्की."

ती परत मेथी निवडायला लागली. थोड्या वेळाने पाहिलं, तर ती पानं टाकून देत होती आणि देठ पातेल्यात ठेवत होती.